उसनं रडू

मीठ पडायला लागलं आणि सगळ्यांनी रुमाल काढले.

सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या, आता कलादालन झालेल्या त्या लांबलचक शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं बाकांवर बसली होती. त्यात दोन वकील होते, नर्सिंग कॉलेजच्या पोरी होत्या, गुळाचा एक अडत्या होता आणि शेवटच्या बाकावर जयसिंगपूरचा बाळगोंडा मगदूम होता. प्रत्येकाच्या कपाळावर राखाडी पट्टी. समोर कॅसेटच्या फितींनी विणलेली भली मोठी चटई छतापासून टांगलेली, तिच्यावर प्रोजेक्टरचं चित्र हलत होतं. वरून पांढऱ्या मिठाची बारीक धार सुटली, चित्र त्या धारेवर क्षणभर अडकलं आणि विरून गेलं. आणि ही सगळी माणसं एका दमात हुंदका देऊन मोकळी झाली. मंगलाष्टक संपल्यावर अक्षता पडाव्यात तशी. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही.

बाळगोंडाही रडला. आणि रडता रडता त्याला हसू आलं. कारण हे काम त्याच्या पोरीचं होतं, त्रिशलाचं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं काहीतरी त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

तोवर नुसती फजिती होती. बाळगोंडा लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. 'मगदूम व्हिडिओ' म्हटलं की शिरोळ तालुक्यात आजही म्हातारी माणसं आपापल्या लग्नाची कॅसेट आठवून सांगतात. पोरगी कलाशाळेत गेली, व्हिडिओच करते म्हणाली, तेव्हा ह्याची छाती फुगली. मग तिचं पहिलं काम बघायला गेला. एक ओली भिंत, ती वाळेपर्यंत. हा शेजारच्याला विचारत होता, "म्युझिक कधी येतंय?" पुढच्या खेपेला एक्स-रे फिल्मवर लुगड्याचे काठ शिवलेले होते आणि मागं कुणीतरी नुसतं मोजत होतं. हा बाहेर येऊन म्हणाला, "चांगलं आहे की," आणि त्रिशलानं मान खाली घातली. एकदा तर त्यानं कहरच केला. तिनं बघायला म्हणून दिलेलं काम घरी नेलं, त्यातला काळा पडदा कापला, हलणारं चित्र स्थिर केलं, मागं सतार घातली आणि मोठ्या प्रेमानं तिला पाठवून दिलं. त्यानंतर कितीतरी महिने ती फोनवर फक्त "जेवलात का?" एवढंच विचारायची.

त्याचा दोष किती म्हणायचा? ह्या राज्यात माणसांना बघायला शिकवायची जबाबदारी कुणी घेतलीच नव्हती. शाळेतला चित्रकलेचा तास गणिताचा मास्तर खायचा. कलादालनं शहरात, त्यांच्या पायऱ्या गुळगुळीत, आणि आत उभी असलेली माणसं अशा नजरेनं बघायची की साध्या माणसाला आपल्या चपलांचीच लाज वाटावी. भिंतीवर लावलेली माहिती वाचावी तर ती ज्यानं लिहिली त्यालाही कळलेली नसायची. वर पुन्हा, लोकांना कळत नाही, अशी बोंब. शिकवायचं नाही आणि कळत नाही म्हणून हिणवायचं, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आणि मग एक दिवस ह्याच लोकांनी पट्टी आणली.

बाहेर गिरणीच्या चिमणीच्या सावलीत त्रिशला चहाचे दोन पेले घेऊन उभी होती. बाळगोंडा डोळे पुसत आला.

"लई भारी केलंस गं," तो म्हणाला. "काळजाला हात घातलास."

"काय दिसलं तुम्हाला?"

त्याच्या तोंडून शब्द आले ते त्याचे त्यालाच नवे होते. "सगळं निसटतंय बघ. धरायला जावं तर हातात काही उरत नाही, आणि ते उरत नाही तेच सुंदर आहे."

त्रिशलानं पेला कट्ट्यावर ठेवला.

"काल बापूकाका आले होते," ती म्हणाली. बापू नेजकर म्हणजे बाळगोंडाचा दोस्त, पीव्हीसी पाइपांचा दुकानदार, ज्यानं आयुष्यात कॅलेंडर सोडून चित्र बघितलं नव्हतं. "त्यांनाही हेच दिसलं. धरायला जावं, उरत नाही, सुंदर आहे. त्याच्या आधी एक कॉलेजच्या प्राचार्या आल्या होत्या, त्यांनाही. शब्द इकडंतिकडं. अण्णा, ह्या कामात तुम्हाला, तुम्हाला काय दिसलं?"

बाळगोंडानं आठवून बघितलं. गळ्यातला आवंढा आठवत होता. चित्रातलं काही म्हणता काही आठवेना.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली की हे काम तिनं हजार माणसांसाठी केलेलं नाही. एका माणसासाठी केलंय, आणि त्यानं ते पट्टी काढून बघावं अशी तिची इच्छा आहे. महिनाअखेरीस चटई उतरवणार. मिठानं फीत खाल्ली जातेय, एकदा उतरवली की पुन्हा उभी राहणार नाही.

तो एक माणूस कोण, हे तिनं सांगितलं नाही. त्याचा रिकामा पेला उचलून ती विसळायला गेली.

*

पट्टीचं नाव 'रसिका'. तिच्यामागचं शास्त्र दालनाचे प्रमुख डॉक्टर निरंजन देवस्थळी कुणालाही आनंदानं समजावून सांगायचे. पुण्याचा माणूस, मेंदूशास्त्रातला, बोलायला लोणी.

मेंदू, ते म्हणायचे, समोरचं चित्र जसंच्या तसं घेत नाही. पुढं काय येणार ह्याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो आणि डोळ्यांकडून फक्त चुका मागवतो. अंदाज बरोबर आला की पुढं सरकतो. अंदाज चुकला की दोनच गोष्टी होतात. एक तर कुतूहल जागं होतं, नाहीतर मेंदूतला एक भाग हुकूम सोडतो: इथं काही नाही, चला. कंटाळा कंटाळा म्हणतात तो हाच हुकूम. सिनेमा, लग्नाची कॅसेट, बातम्या ह्यांवर वाढलेल्या माणसाला असलं विचित्र काम दाखवलं की हा हुकूम लगेच सुटतो. मुरलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात तो उशिरा सुटतो. तो चुकलेला अंदाज तसाच उघडा ठेवून थांबू शकतो. मुरलेपण म्हणतात ते एवढंच. पण ते यायला आयुष्याची दहा-वीस वर्षं जातात.

रसिका ती वर्षं वाचवते. पोटातलं बाळ बघायला जो अल्ट्रासाउंड वापरतात त्याच जातीच्या अगदी मंद लहरी पट्टीतून निघतात आणि 'चला' म्हणणारा तो भाग गप्प करतात. एवढ्यानं माणूस नुसता थांबेल. तो बघणार काय? म्हणून साचा. प्रत्येक कामापुढं आधी दोनशे जाणकार बसवतात. त्यांची नजर कुठं गेली, कुठं रेंगाळली, कुठल्या क्षणी काय दाटून आलं, सगळं नोंदवून त्याची सरासरी काढतात. पट्टी घातली की तुमची नजर त्या सरासरीच्या मागं मागं चालते. सायकल शिकवताना मागून कॅरिअर धरतात ना, तसं, असं देवस्थळी म्हणायचे.

कॅरिअर धरणारा कधीतरी हात सोडतो. हे ते म्हणायचे नाहीत.

तीन-चार वर्षांत पट्टी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. दालनं भरली. बाया-बापे गाड्या करून यायला लागले. हे चांगलंच झालं असं कुणीही म्हणेल, आणि ज्याला आयुष्यभर दारातून हाकललं त्यानं तर म्हणावंच. पण मग शाळांतून होते नव्हते ते चित्रकलेचे शिक्षक कमी केले, पट्टी आहे म्हणून. कलावंत साच्यात बसेल असं काम करू लागले. एकाच वेळी जास्तीत जास्त माणसं कुठं रडतात त्यावर काम दालनात ठेवायचं की काढायचं हे ठरू लागलं. नवरा-बायको प्रदर्शन बघून बाहेर येत आणि भांडत नसत. भांडायला काही उरलंच नव्हतं, दोघांनाही एकच आवडलेलं असायचं. आणि लोकांना वाटू लागलं की आपल्याला कळतं.

बाळगोंडालाही तसंच वाटलं होतं. चिमणीपाशी पोचेपर्यंत.

*

पट्टीशिवाय आत जाता येत होतं, पण दारावर पाटी होती: 'पट्टीशिवाय प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर.' आत वाघ सोडलाय की काय, असं पुटपुटत बाळगोंडा शेवटच्या बाकावर जाऊन बसला. कामाचं नाव बघावं म्हणून फलक वाचला. 'शीर्षक नाही.' बारशालासुद्धा वेळ नाही पोरीला.

चित्र सुरू झालं. जमीन. चपला. पुन्हा जमीन. मांडवाचं कापड तिरपं. खुर्च्यांचे पाय. जमीन. त्याच्या डोक्यात आपोआप कात्री चालू झाली. इथं कट. हे सगळं उडवायचं. इथं एक चेहरा पाहिजे. कुठल्या अडाण्यानं शूट केलंय हे, कॅमेरा धरायची अक्कल नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्याच पोरीनं केलंय, मोठ्या कलाशाळेत शिकून, आणि तो जास्तच खट्टू झाला. मीठ पडायच्या आत तो उठून बाहेर आला आणि गेटवरच्या गाड्यावर दोन कप चहा प्याला. त्याच वेळी आतून तो सामुदायिक हुंदका ऐकू आला. चहावाला म्हणाला, "झालं बघा, सुटतील आता." त्याला वेळ पाठ झाली होती.

घरी गेल्यावर त्यानं त्रिशलाला फोन लावला. मला काय कळंना, म्हणाला, तू जरा सांग तरी कुठं बघायचं ते.

"सांगितलं की तीही पट्टीच झाली, अण्णा."

"मग मी काय करू? तासभर चपला बघू?"

"तुम्ही बघत नाही, मिक्सिंग करताय," ती म्हणाली. "आत बसून कापत असाल. कापू नका. एवढंच सांगते."

लग्नाच्या धंद्यात एडिटिंगला मिक्सिंग म्हणतात. बाळगोंडाला पोरीनं आपल्याला बरोबर पकडलं ह्याचा राग आला. आणि रागाच्या भरात तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

ह्या वेळी त्यानं दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे दाबून धरले, जणू कात्री खरोखर हातात होती. कंटाळा आला. तो येऊ दिला. कंटाळ्यालाही वळणं असतात हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आधी चीड येते. मग झोप येते. मग पाठ दुखायला लागते आणि माणूस घरच्या भाजीचा विचार करतो. आणि हे सगळं येऊन गेलं की डोक्यात एक रिकामी जागा होते. मेंदूचा तो हुकूम सुटून सुटून दमतो. समोरचं तेच असतं, पण आता ते ढकलायला कुणी नसतं.

त्या रिकाम्या जागेत त्याला आधी चटई दिसली. फितीच्या विणीमुळं चित्राला आडवे उभे धागे पडलेत हे दिसलं, म्हणजे जमीनसुद्धा विणल्यासारखी. ही फीत त्याच्याच घरची, हे त्याला ठाऊक होतं. राजमती, त्याची बायको, गेली त्या वर्षी त्रिशला माळ्यावरची जुन्या कॅसेटची पोती मागायला आली होती. "कचरा आहे, ने," असं तोच म्हणाला होता. पोरीनं फितीची चटई विणली, ठीक. त्या फितीवर काय होतं ते कुणी बघेल, हे मिक्सिंग करणाऱ्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. कापून टाकलेलं ते कापून टाकलेलं.

मग आवाज. लांब कुठंतरी बँड वाजत होता, पाण्याखाली असल्यासारखा. त्याच्या अलीकडं, अगदी जवळ, कुणीतरी दमून श्वास घेत होतं. चित्राच्या कोपऱ्यात एक गुलाबी डाग येत-जात होता. अंगठा. भिंगाच्या कडेवर आलेला अंगठा. आणि तेवढ्यात तो श्वास घेणारा माणूस खेकसला:

"ओ मामा, नवरीच्या म्होरनं बाजूला व्हा की जरा."

बाळगोंडाच्या अंगावर कुणी मागून गार पाण्याची घागर ओतावी तसं झालं. आवाज त्याचा होता. तिशीतला.

*

हा घोटाळा फक्त मगदूम व्हिडिओच्याच कॅसेटमध्ये सापडला असता. धंद्याच्या सुरुवातीला नांदणीच्या एका लग्नात बाळगोंडानं फीत वाचवायला म्हणून कॅमेरा थांबवून ठेवला होता. जास्त वेळ थांबला की तो कॅमेरा आपोआप बंद व्हायचा. अक्षता पडायच्या वेळी तो बंद होता. नवऱ्याच्या मामानं ह्याची गचांडी धरली, भटजीला शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणायला लावलं आणि पाहुण्यांना खाली पडलेल्या अक्षता वेचून परत टाकायला लावल्या. त्या दिवसापासून बाळगोंडानं लग्नात कॅमेरा बंद केला नाही. एक शॉट झाला की कॅमेरा खांद्यावरून काढून कमरेशी लोंबता धरायचा आणि पुढच्या जागी चालायचं. कॅमेरा चालूच. मधलं सगळं मिक्सिंगमध्ये उडवायचं. बाकीचे शूटिंगवाले त्याला फितीचा सावकार म्हणायचे.

फिती विणायच्या आधी त्रिशलानं त्यांतून उचललं ते हे मधलं. लोंबत्या कॅमेऱ्यानं आपलं आपण बघितलेलं.

त्याला आधी आला तो संताप. माझे वाया गेलेले शॉट जगाला दाखवले. मीच तो अडाणी. वकील, प्राचार्या, बापू नेजकर, सगळ्यांनी माझा अंगठा बघितला. तो तडक देवस्थळींच्या खोलीत गेला आणि म्हणाला की हे बंद करा, हे माझं आहे, मी कुणाला परवानगी दिली नाही.

देवस्थळींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"मगदूमसाहेब, आपण उगीच मनाला लावून घेताय. पट्टी असली की तो आवाज आणि अंगठा कुणाच्या लक्षात येत नाही. साच्यात त्या जागाच नाहीत."

"जागा नाहीत म्हणजे?"

"आमच्या दोनशे जाणकारांपैकी कुणाचंच लक्ष तिकडं गेलं नाही. त्यामुळं बाकी कुणाचंही जात नाही. सगळे मिठाकडे बघतात."

बाळगोंडा पाण्याचा ग्लास हातात धरून बसला. पहिल्या दिवशी तोही पट्टी घालून तिथंच बसला होता.

"म्हणजे माझा आवाज माझ्याच कानावर पडला," तो सावकाश म्हणाला, "आणि मी तो ऐकला नाही."

"तांत्रिकदृष्ट्या, हो," देवस्थळी म्हणाले. "पण आपल्याला अनुभव तर उत्तम आला ना? आपल्या पट्टीच्या आलेखात दिसतंय."

त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, हेच भयंकर होतं. ह्या माणसानं आयुष्यात चांगलंच करायचं ठरवलं होतं आणि ते करून दाखवलं होतं. चित्राचा रस काढून, गाळून, पेल्यात भरून त्यानं गावोगाव पोचवला होता, आणि ज्याचा त्याचा घास मात्र ज्याच्या त्याच्या तोंडातून काढून घेतला होता.

बाळगोंडा उठला. बंद करायचं की नाही, असं देवस्थळींनी विचारलं. नको, तो म्हणाला. मी अजून बघितलंच नाही.

*

तो पुन्हा आत गेला तेव्हा नवा खेळ नुकताच सुरू झाला होता. बाक भरलेले. सगळ्यांच्या पट्ट्या मिणमिणत होत्या. एका बाईनं त्याच्या उघड्या कपाळाकडं बघून काळजीनं पिशवी जवळ ओढली.

जमीन. चपला. आता त्या कुणाच्या चपला आहेत हे त्याला माहीत होतं. स्वतःच्याच. त्या चपलांपुढं कधी शेणानं सारवलेल्या, कधी फरशीच्या, कधी सतरंजीच्या जमिनीवर उजेडाचा एक गोल पडलेला होता. चपला चालल्या की गोल चालायचा. चपला थांबल्या की थांबायचा. इतका वेळ त्यानं तो बघितला होता आणि बघितला नव्हता, कारण उजेडाकडं कोण बघतं. उजेडात जे असतं त्याच्याकडं माणूस बघतो.

तो उजेड राजमतीनं धरलेला होता.

लाईट धरायला पोरं टिकायची नाहीत. जेवणाची पंगत बसली की लाईट टाकून पळायची. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून राजमतीच यायला लागली. हॅलोजनची दांडी दोन्ही हातांनी वर धरायची, वायर खांद्यावरून मागं सोडलेली, पदर खोचलेला. नवरीच्या तोंडावर उजेड कसा पाहिजे हे तिला सांगावं लागायचं नाही. बाळगोंडाचा कॅमेरा वळायच्या आधी तिचा उजेड वळलेला असायचा. लोक म्हणायचे, मगदूमचं शूटिंग म्हणजे स्वच्छ. ते स्वच्छ तिच्यामुळं होतं. आणि ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा घरात एक धड फोटो निघाला नव्हता. तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे चेहरे ज्याच्या कॅसेटमध्ये होते, त्याच्या एकाही फ्रेममध्ये त्याची बायको नव्हती. ती कायम उजेडाच्या मागं. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. अजून तोच आहे, डोळे मिटल्यासारखा.

तो वाट बघू लागला. आता कधीतरी कॅमेरा वळेल, एखाद्या आरशात, पितळी घंगाळात, कुठंतरी तिचा चेहरा येईल. त्रिशलानं शेवटाला ठेवला असेल. तो स्वतः असता तर शेवटाला ठेवला असता, मंद करत, मागं सनई.

चेहरा आला नाही. गोल आला. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, फरशीवरून मातीवर, कॅसेट बदलत होत्या आणि गोल तोच होता. चांगल्या शॉटमध्ये तो नवरीच्या तोंडावर दगडासारखा स्थिर असायचा, हे बाळगोंडाला माहीत होतं, ते शॉट त्यानं विकले होते. इथं, मधल्या वेळेत, कॅमेरा खाली आला की गोलही खाली यायचा आणि जमिनीवर टेकायच्या आधी थरथरायचा. बारीक. मग एक हात सोडून दुसऱ्या हातानं धरल्यासारखा झोल जायचा. मग पुन्हा थरथर. बाळगोंडाचं पुढचं "चला" आलं की गोल झटक्यात वर. थरथर बंद.

दरवेळी. दर लग्नात.

एकदा गोल चपला सोडून बाजूला गेला. खांबाशी एक मूल पोत्यावर झोपलं होतं, चारेक वर्षांचं, हातात अर्धी जिलेबी. गोल त्याच्या डोळ्यांवर पडू नये असा पायांशी थांबला. तेवढा एक क्षण तो अजिबात थरथरला नाही. मग बाळगोंडाचाच आवाज आला, "लाईट कुठाय?" आणि गोल धावत परत आला.

मीठ पडायला लागलं. मिठाच्या धारेवर नुसता उजेड पकडला जात होता, त्यात काही नव्हतं. पट्टीवाल्या सगळ्यांनी रुमाल काढले, हुंदका आला आणि गेला. बाळगोंडाचे डोळे कोरडे होते. तो त्या मिठाकडं बघत होता आणि त्याला ते कशासाठी आहे ते कळत नव्हतं, आणि कळत नसताना बसून राहायला त्याला जमत होतं.

*

त्रिशला चिमणीपाशीच होती. त्यानं पट्टी घातलेली नाही हे तिनं आधी बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं.

तिनं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

"तिचा हात दुखत होता."

त्रिशलानं हातातला पेला खाली ठेवला.

"मी कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "ती पण कधी बोलली नाही. पण दिसत होतं की गं. तवाच दिसत होतं. मी कापत होतो."

आतून माणसं बाहेर येत होती, एकमेकांना सांगत होती की सगळं कसं निसटून जातं.

"पोत्यावर तू होतीस," तो म्हणाला.

"हो."

"दुसऱ्या कुणाला हे दिसायचं नाही."

"नसू दे. दुसऱ्याला दुसरं दिसेल. दिसू दिलं तर." मग तिनं जरा भीत भीत विचारलं, "आणि मीठ?"

"मीठ काय मला कळलं नाही. कशाला टाकलंस?"

"मलाही नीट सांगता येत नाही, अण्णा. पडायला पाहिजे एवढंच वाटत होतं."

आधीचा बाळगोंडा असता तर म्हणाला असता, मग काढून टाक. तो विचार करत राहिला. "असू दे," तो म्हणाला. "उद्या परत येऊन बघतो. बापूलाही आणतो, बिनपट्टीचा. शिव्या देईल, पण बसवतो."

ती हसली. मग तिनं त्याचा हात धरला, उजवा, कॅमेऱ्याचा, आणि बराच वेळ सोडला नाही.

सांगलीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. हातकणंगल्याच्या फाट्यावर गाडी थांबली. एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन चढत होती. तिनं एक हात सोडून दुसऱ्या हातानं बोचकं सावरलं, आणि बाळगोंडाला रडू फुटलं. वेळ नाही, मीठ नाही, शेजारी कुणी रडत नाही. नाक गळायला लागलं, श्वास अडकला, रुमाल सापडेना. पुढचे दोघे वळून बघायला लागले.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थांबला. "काय झालं, आजोबा? घरात कोण गेलं काय?"

बाळगोंडानं मान हलवली. "मालकीण."

"अरेरे. कधी?"

"सहा वर्षं झाली," बाळगोंडा म्हणाला.

कंडक्टरनं जयसिंगपूरचं तिकीट काढून त्याच्या हातात ठेवलं आणि बोचकंवालीला बसायला जागा करून दिली.